जंजीर, लिओ आणि त्यांची नोकरी



आपल्याकडे कुत्रा म्हटला की दारातली राखण आठवते. रात्री अंगणात पाऊल वाजले की तो भुंकतो, गोठ्याशी बसतो, आपल्या मागोमाग शेतावर येतो. त्याला भाकरीचा तुकडा टाकायचा, एवढाच त्याचा पगार. आज आम्ही मात्र दुसऱ्या कुत्र्यांविषयी सांगणार आहोत. ही कुत्री पोलिसांत नोकरी करतात. त्यांचीही भरती होते, त्यांना शिकवले जाते, रोजची हजेरी असते आणि वय झाले की निवृत्तीही असते.

हा विषय आम्ही का घेतला? गावात चोरी झाली किंवा एखादे लेकरू हरवले की लोक म्हणतात, “पोलिसांचे कुत्रे आणा.” कुत्रे येते, वास घेते, थोडे अंतर माग काढते, कधी डांबरी रस्त्यावर येऊन थांबते. मग कोणी म्हणते, कुत्रे बिनकामाचे. कोणी म्हणते, ज्याच्या दारात कुत्रे थांबले तोच चोर. ही दोन्ही बोलणी घाईची आहेत. पहिल्याने त्या मुक्या जिवाच्या कामाची किंमत होत नाही. दुसऱ्याने एखाद्या निरपराध घराची अब्रू जाते. म्हणून पोलिसांचे कुत्रे काय करू शकते, काय करू शकत नाही आणि ते येईपर्यंत आपण काय सांभाळायचे, हे आज नीट समजून घेऊ.

पवईचा मुलगा

पवई हे मुंबईचे उपनगर. एकीकडे तलाव, आयआयटी आणि उंच इमारती, तर दुसरीकडे मरोळ-अंधेरीच्या बाजूला पसरलेल्या दाट वस्त्या. घराला घर लागून, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागेल अशा गल्ल्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पवई पोलिसांच्या हद्दीतल्या अशोकनगर वस्तीतून सहा वर्षांचा एक मुलगा बेपत्ता झाला. खेळायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. घरच्यांनी शोधाशोध केली आणि पोलीस ठाणे गाठले. पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला आणि श्वान पथकाला बोलावले. पथकातून लिओ आला. लिओ हा डॉबरमन जातीचा कुत्रा, माग काढण्यात तयार झालेला.

मुलाने खेळायला जाण्यापूर्वी अंगातला टी-शर्ट बदलला होता. काढलेला टी-शर्ट घरातच होता. तोच लिओला हुंगायला दिला. लिओने वास घेतला, नाक जमिनीला लावले आणि तो निघाला. त्या गल्ल्यांतून शेकडो माणसांची ये-जा झालेली. त्या सगळ्या वासांतून एका लेकराचा वास धरून तो पोलिसांना आंबेडकर उद्यानाच्या परिसरापर्यंत घेऊन गेला. तिथे मुलगा सापडला, सुखरूप. साऱ्या शोधाला सुमारे दीड तास लागला.

बायांनो, यातली एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. तो टी-शर्ट धुतलेला नव्हता. कोणी घाईघाईने आवराआवर करून तो बादलीत भिजवला असता, तर लिओच्या हाती देण्यासारखे फारसे काही उरले नसते.

कुत्र्याला काय कळते?

आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या पुढे असतात, जातीप्रमाणे कमीजास्त. शिवाय मेंदूचा वास ओळखणारा भाग आपल्या मानाने त्याचा खूप मोठा असतो. आपण घरात शिरल्यावर म्हणतो, “आज आमटी केलेली दिसते.” कुत्र्याला त्या आमटीतली डाळ, कांदा, लसूण, कोथिंबीर, मीठमसाला वेगवेगळे कळावे, असे समजा.

त्याच्या नाकाची घडणही खास आहे. आपण ज्या वाटेने श्वास आत घेतो त्याच वाटेने बाहेर सोडतो. कुत्र्याच्या नाकपुडीला कडेला चीर असते. बाहेर जाणारा श्वास त्या चिरेतून बाजूला निघतो, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. नाक ओले असते, त्या ओलाव्याला वासाचे कण चिकटतात. म्हणून हुंगताना ते सूं सूं असे भराभर छोटे श्वास घेते.

आणि तो हुंगतो ते काय? आपल्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत गळत असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण आपण जिथून जातो तिथे ते पडतात. त्यांना घामाचा, आपल्या अंगाचा वास असतो. प्रत्येकीचा वास वेगळा. चालताना पायाखाली गवत चिरडते, माती उकरते, त्याचाही ताजा वास येतो. हे सगळे मिळून जी वाट तयार होते, ती कुत्रे धरते.

ही वाट कायम राहत नाही. भर दुपारच्या उन्हात ती लवकर विरते. सोसाट्याचा वारा ती पसरवतो. मोठा पाऊस ती धुऊन नेतो. थंड, दमट सकाळ असली आणि मातीत ओल असली तर ती जास्त टिकते. आणखी एक. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उकडले की ते जीभ बाहेर काढून धापा टाकते. धापा टाकताना त्याला नीट हुंगता येत नाही. म्हणून उन्हातान्हात हँडलर त्याला मध्येच सावलीत नेतात, पाणी पाजतात. तो कामचुकारपणा नसतो. नाक पुन्हा कामाला लावण्याची ती तयारी असते.

पोलिसांचे कुत्रे तयार कसे होते?

सगळ्या कुत्र्यांना सगळी कामे देत नाहीत. चोराचा किंवा हरवलेल्याचा माग काढणारी कुत्री वेगळी, स्फोटके शोधणारी वेगळी, अमली पदार्थ शोधणारी वेगळी. लिओसारखा डॉबरमन मागासाठी, तर लॅब्राडोर स्फोटके शोधण्यासाठी, अशी साधारण विभागणी दिसते. जर्मन शेफर्ड आणि अलीकडे बेल्जियन मॅलिनॉइस या जातींचीही कुत्री पथकांत आहेत.

पिल्लू काही महिन्यांचे झाले की शिकवणी सुरू होते. आधी बस, थांब, ये, चल अशा आज्ञा. मग वासाचे शिक्षण. ते खेळातूनच होते. कुत्र्याला एक चेंडू फार आवडतो असे समजा. स्फोटकाचा वास सापडला की चेंडू मिळतो, हे त्याच्या मनात पक्के बसवतात. मग आठ-दहा डब्यांपैकी एकात तो वास लपवतात. बरोबर डब्यापाशी बसले की शाबासकी आणि चेंडू. पुढे हाच खेळ सामानात, गाडीत, गर्दीत, रेल्वे फलाटावर.

लोकांत एक समज आहे की अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्याला त्या पदार्थाचे व्यसन लावतात. हे खोटे आहे. व्यसन लागलेले कुत्रे कामाचेच राहणार नाही. ते चेंडूसाठी आणि आपल्या माणसाच्या शाबासकीसाठी शोधते.

स्फोटके सापडल्यावर कुत्र्याने भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही. नुसते तिथे शांत बसायचे. धक्का लागला तर अनर्थ होईल. त्याने बसायचे, हँडलरने ओळखायचे आणि मागे फिरायचे. पुढचे काम बॉम्ब निकामी करणाऱ्या माणसांचे.

कुत्र्याचा एक ठरलेला हँडलर असतो. खाऊ घालणे, अंग पुसणे, फिरवणे, आजारपणात रात्र जागणे, सगळे तोच पाहतो. कान कसे झाले, शेपूट कशी हलली, श्वास कुठे बदलला, यावरून कुत्र्याला काय सांगायचे आहे ते त्याला कळते. आपल्याला आपल्या गाईच्या हंबरण्यातून कळते ना, ही भुकेली आहे की वासराला बोलावते आहे? तसेच हे.

जंजीरची आठ वर्षे

आता जंजीरची गोष्ट. मुंबई पोलिसांच्या कुत्र्यांची आठवण निघाली की पहिले नाव त्याचे येते.

जंजीर हा सोनेरी रंगाचा लॅब्राडोर. जन्म १९९२ चा. १९७३ साली आलेल्या ‘जंजीर’ या सिनेमावरून त्याचे नाव ठेवले होते. त्या सिनेमाचा नायक पोलीस इन्स्पेक्टर आहे. पुण्यात शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे तो शिकला. डिसेंबर १९९२ च्या शेवटी तो मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात रुजू झाला. वय जेमतेम वर्षाचे.

नोकरीला तीन महिनेही झाले नव्हते. १२ मार्च १९९३, शुक्रवार. त्या दुपारी मुंबईत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, दादर, वरळी. २५७ माणसे गेली, शेकडो जखमी झाली. हे आरडीएक्स समुद्रमार्गे आपल्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरवलेले होते, हे पुढे तपासात निघाले. म्हणजे स्फोट शहरात झाले, पण तो माल आला गावाच्या किनाऱ्याने.

स्फोट थांबले तरी भीती थांबली नव्हती. अजून कुठे काय ठेवले आहे, कोणाला ठाऊक? रस्त्यात उभी असलेली प्रत्येक स्कूटर, प्रत्येक बेवारस पिशवी लोकांना बॉम्ब वाटू लागली. माणूस उघडून पाहू शकत नव्हता. तिथे जंजीरचे नाक कामाला आले. १५ मार्चला दक्षिण मुंबईतल्या धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमध्ये आरडीएक्स आणि जिलेटिनच्या कांड्या असल्याचे त्याने दाखवून दिले. पुढे सिद्धिविनायक मंदिराच्या परिसरातल्या बेवारस सुटकेसमधून शस्त्रे आणि हातबॉम्ब निघाले, तेही त्याच्यामुळे.

त्या तपासात जंजीरच्या नावावर जो हिशेब सांगितला जातो तो असा. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे. सख्यांनो, ३,३२९ किलो म्हणजे तेहतीस क्विंटलांच्या वर. क्विंटल क्विंटलच्या तेहतीस पोत्यांची थप्पी डोळ्यांसमोर आणा आणि त्या पोत्यांत धान्याऐवजी स्फोटके आहेत असे समजा. त्या दुपारी शहर हादरले, त्याहून किती जास्त होऊ शकले असते, याचा अंदाज येतो.

ज्यांचे प्राण वाचले त्यांना आपण वाचलो हे कळलेही नाही. कोणी बाजारात गेली, भाजी घेतली, लोकल पकडून घरी आली. राखणदाराच्या कामाचे असेच असते. काही घडले नाही, हेच त्याचे यश.

त्यानंतरही जंजीर कामावरच राहिला. पुढची काही वर्षे गर्दीची ठिकाणे, बेवारस सामान अशी रोजची तपासणी चालूच होती. मग त्याला हाडांचा कर्करोग झाला. परळच्या जनावरांच्या दवाखान्यात १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला. आठ वर्षांचा होता. पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. फुलांनी झाकलेला जंजीर आणि त्याच्यावर पुष्पचक्र वाहणारे वरिष्ठ पोलीस अधिकारी, हे छायाचित्र पुढे देशभर पोचले.

मॅक्स, सुलतान, टायगर, सीझर

जंजीरनंतर दुसरी पिढी आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार लॅब्राडोर मुंबई पोलिसांसोबत होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांनी टाकून दिलेले हातबॉम्ब सीझरने शोधले. मॅक्सने ताज हॉटेलच्या परिसरातली स्फोटके दाखवली.

ही चौघे म्हातारी झाली तेव्हा त्यांना विरारच्या एका फार्मवर ठेवले. तिथे मोकळे आवार होते, माया करणारी माणसे होती. २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक चौघेही गेले. आधी मॅक्स, मग सुलतान, मग टायगर. एकटा राहिलेला सीझर सोबत्यांवाचून खंगत गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यानेही प्राण सोडला.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. पोलिसांचे कुत्रे साधारण आठ-दहा वर्षे काम करते. मग सांधे दुखतात, नजर कमी होते, नाकही आधीसारखे चालत नाही. तेव्हा त्याचे काय करायचे? आपल्याकडे बैलपोळ्याला, बेंदराला बैलाच्या खांद्याला लोणी लावतात, त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. म्हाताऱ्या बैलाला दावणीला ठेवणारी घरे आजही आहेत. ज्याने उमेदीत काम केले त्याला उतारवयात वाऱ्यावर सोडायचे नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. निवृत्त कुत्र्याला कधी त्याचा हँडलरच घरी नेतो, कधी एखादी संस्था सांभाळते. प्रत्येकाला असे घर मिळावे, एवढेच आमचे म्हणणे.

कुत्रे दारात थांबले म्हणजे?

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्रे वास दाखवते. गुन्हा कोणी केला हे ते सांगू शकत नाही. चोर एखाद्या घराच्या ओट्यावर क्षणभर टेकला असेल. त्या घरची बाई सकाळी चोरीच्या जागेवर बघायला गेली असेल आणि तिचाच वास तिथे राहिला असेल. कुत्रे चुकूही शकते.

म्हणूनच महाराष्ट्रातून गेलेल्या एका जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुत्र्याच्या मागाला फार वजन देता येत नाही असे म्हटले. कुत्रे साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून बोलू शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. माणसाचे स्वातंत्र्य केवळ त्याच्या हुंगण्यावर टांगता येत नाही. कुत्र्याचा माग पोलिसांना दिशा देतो. पुरावा मात्र वेगळा गोळा करावा लागतो.

गावात हे विसरले जाते. कुत्रे थांबले ते घर गरिबाचे असेल, गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या माणसांचे असेल, एकट्या बाईचे असेल, तर बोट लगेच तिकडे वळते. पोलिसांनी काही ठरवायच्या आधी गाव ठरवून मोकळे होते. अशा वेळी गटातल्या दोघीचौघी जरी पुढे होऊन म्हणाल्या, “थांबा, तपास होऊ द्या,” तरी एक घर वाचते.

कुत्रे येईपर्यंत आपण काय करायचे?

लेकरू हरवले तर ११२ वर फोन करा, पोलीस पाटलांना सांगा. मुलांसाठी १०९८ हाही क्रमांक आहे. “चोवीस तास वाट बघा” असे कोणी म्हटले तर ऐकू नका. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवून शोध सुरू करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे.

मुलाने अंगात घातलेला, न धुतलेला कपडा बाजूला ठेवा. बनियन, फ्रॉक, उशीचा अभ्रा, काहीही चालेल. हाताने कुरवाळू नका, इतरांच्या कपड्यांत मिसळू नका. स्वच्छ पिशवी उलटी करून हातात घाला, कपडा धरा आणि पिशवी सुलटी करून तोंड बांधा. तशीच पोलिसांच्या हाती द्या.

चोरी झाली असेल तर त्या जागी कोणालाही जाऊ देऊ नका, आपणही नको. दोरी बांधा, नाहीतर जुने लुगडे आडवे लावा. त्या सकाळी तिथे झाडलोट नको, सडा नको, सारवण तर नकोच. चोराची चप्पल, रुमाल, काठी पडली असेल तर हात लावू नका. मातीत पाऊल उमटले असेल तर त्यावर अलगद घमेले पालथे घाला. कोण कोण आत जाऊन आले त्यांची नावे लक्षात ठेवा आणि हँडलरला सांगा. त्यांचा वास बाजूला काढायला ते लागते.

पथक आले की गल्लीतली कुत्री बांधा. लेकरांना मागे घ्या. पोलिसांच्या कुत्र्याला हाक मारू नका, पाठीवर हात फिरवू नका, बिस्किट टाकू नका. ते कामावर आहे. फोटो काढायला मागे धावले तर त्याचे लक्ष मोडते आणि वाटही तुडवली जाते. पाणी मात्र हँडलरला विचारून जरूर द्या.

आणि माग मध्येच तुटला तर हसू नका. चोर तिथून गाडीवर बसून गेला असेल. तो मोटारसायकलवरून गेला, हे कळणे हीसुद्धा पोलिसांसाठी माहितीच असते.

पुढच्या बैठकीत या गोष्टी गटात एकदा मोठ्याने वाचा, ११२ आणि १०९८ हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा, आणि ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना कपड्याची गोष्ट आवर्जून सांगा. जंजीर आणि लिओ यांनी आपले काम चोख केले. त्यांच्या नाकासाठी वाट शाबूत ठेवणे हे आपले काम आहे.